क्रिकेट-कबड्डीच्या गावात रग्बी रुजवायची कशी?

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका मंडळाचा आहे. दोन वर्षांपूर्वी सुरू झालेला त्यांचा रग्बीचा संघ अठरा मुलांवर अडला आहे. प्रात्यक्षिक ठेवलं की दीडशे माणसं जमतात, फोटो काढतात आणि पुढच्या रविवारी सगळी टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धेला जातात. हाताशी साठ हजार रुपये आहेत. ते जाहिरातीत घालायचे, मोठी स्पर्धा भरवायची, की आणखी काही करायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

पहिलं वर्ष मोठी स्पर्धा नको आणि फ्लेक्सही नकोत. दीडशे माणसं आपणहून येतात म्हणजे कुतूहल आहे, प्रसिद्धी कमी पडलेली नाही. अडतंय ते त्याच्या पुढे. सामना बघून घरी गेलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी तो खेळ खेळताच येत नाही. क्रिकेटला एक फळकूट आणि टेनिसचा चेंडू पुरतो, चौघं असली तरी खळ्यात डाव रंगतो. कबड्डीला तेवढंही लागत नाही. रग्बीचा चेंडू मात्र मंडळाच्या कपाटात कुलूपबंद असतो. तेव्हा पहिला खर्च चेंडूंवर करा आणि ते चेंडू वाडीवाडीत मुलांच्या हाती राहू द्या. दोन हरवतील, एक फुटेल. तो खर्च जाहिरातीचाच समजा.

क्रिकेटचा रविवार काढून घेण्याचा विचारही करू नका. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत शनिवार-रविवार टेनिस क्रिकेटचे आहेत. त्यामागे बक्षिसाची रक्कम आहे, यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण आहे, मुंबई मंडळाची वर्गणी आहे. ज्या दिवशी आणि ज्या जागी क्रिकेट होतच नाही, ती जागा आणि तो दिवस धरा. कोकणात अशा दोन वेळा आहेत: पावसाळा, आणि ओहोटीची ओली पुळण.

जून ते सप्टेंबर टेनिस क्रिकेट बंद असतं. खेळपट्टीवर पाणी, चेंडू भिजून जड. रग्बीचं नेमकं उलट आहे. एरवी जांभ्याचं मैदान पडणाऱ्याची कातडी सोलतं, पावसात त्यावर गवत येतं आणि माती मऊ होते. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, मुलं एका जागी सापडतात आणि संध्याकाळी त्यांना दुसरा उद्योग नसतो. म्हणून वर्षाची सुरुवात जूनमध्ये करा, नोव्हेंबरमध्ये नको. काळजी तीन गोष्टींची. ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ तिथेच थांबवून सगळ्यांना पक्क्या छपराखाली न्यायचं. भाताच्या खाचरात किंवा गुरांच्या वाटेवरच्या चिखलात खेळायचं नाही, कारण कोकणात लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे जनावरांच्या लघवीतून पाण्या-चिखलात पसरणाऱ्या तापाची, भीती खरी आहे. खेळ संपल्यावर साबणाने पाय धुवून खरचटलेलं तपासायचं, कुणाला ताप आला तर चिखलात खेळल्याचं डॉक्टरांना सांगायचं. आणि पावसाळ्यात समुद्रावर जायचंच नाही.

पुळणीचा हंगाम ऑक्टोबरनंतर. इथे पंचांग काढा. मच्छीमारांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजाने मिळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. म्हणजे संध्याकाळी शाळा सुटून मुलं येतात तेव्हा पुळण पाण्याखाली, त्यातून भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, ओला पट्टा अरुंद. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी, शिवाय उधाण असल्यामुळे पाणी लांब आत जातं. त्रयोदशी ते प्रतिपदा हे तीन-चार दिवस महिन्यातून दोनदा मिळतात. साडेतीन ते साडेसहा मैदान फुकट, रुंद आणि मऊ. तारीख ठरवण्यापूर्वी त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या, पाऊणपटीच्या हिशेबात पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो.

पुळणीवर मैदान लहान ठेवा: लांबी तीस मीटर, किनाऱ्याला समांतर, रुंदी वीस-बावीस, दोन्ही टोकांना ट्रायसाठी, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे टेकवून गुण घेण्यासाठी, चार-चार मीटर. पाच विरुद्ध पाच, पाच-पाच मिनिटांचे दोन डाव, लाथ नाही, प्रत्येक ट्रायला एक गुण. सीमेसाठी नायलॉनची दोरी वापरू नका, अनवाणी बोटं अडकून मुरगळतात. पाच सेंटिमीटर रुंदीची कापडी पट्टी पुरा किंवा टाचेने रेघ ओढा. कोपऱ्यावर बांबू रोवणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार, तिथे मऊ प्लास्टिकचे कोन ठेवा. खेळाआधी पंधरा मुलं हाताच्या अंतरावर एका ओळीत उभी करून सगळी जागा चालत वेचून काढा. काचा, गळ, कालवांच्या धारदार शिंपा निघतातच. जाळी वाळवायची जागा आणि होड्या ओढायची वाट सोडा. आधी गावच्या मच्छीमार सोसायटीला विचारा, ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, ध्वनिक्षेपक असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी काढा. गुहागरची पुळण ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीची आहे. थंडीच्या महिन्यांत वरच्या कोरड्या वाळूवर पाऊल नको, रात्री दिवे लावून सामने नकोत. तारीख ठरवताना वनखात्याच्या कासवमित्रांना विचारून घ्या.

आता मुख्य मुद्दा. तुमचा पहिला खेळाडू आणि पहिला प्रेक्षक कबड्डीतून येणार आहे. सेव्हन्स रग्बीत मैदानावर सात जण, कबड्डीतही सात. पटसंख्या घटलेल्या शाळेत क्रिकेटचे अकरा जमत नाहीत, सात जमतात. चढाईपटूकडे हुलकावणी, कमरेतून वळणं आणि दोघांच्या मधून निसटणं तयार असतं. पकड करणाऱ्याला अंग अंगावर घ्यायची भीती नसते, आणि शहरातल्या मुलाच्या मनातून ती भीती काढण्यातच महिने जातात. तेव्हा कबड्डी संघाच्या प्रशिक्षकाकडे जाऊन ‘तुमची मुलं आम्हाला द्या’ म्हणू नका. ‘तुमच्या मुलांचा दमसास वाढवून देतो, आठवड्यातून एक दिवस द्या’ असं म्हणा. सेव्हन्समध्ये सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात आणि मैदान शंभर मीटर लांब असतं. पळून पळून जो दम तयार होतो तो कबड्डीतही कामाला येतो, त्यामुळे हे बोलणं खोटं ठरत नाही.

पण कबड्डीपटू रग्बीत चार ठरावीक चुका करतात आणि त्या पहिल्याच दिवशी काढाव्या लागतात. पहिली: धरून ठेवणं. कबड्डीत चढाईपटू मध्यरेषेला पोचू नये म्हणून शेवटपर्यंत सोडायचा नसतो. रग्बीत तो जमिनीवर पडला की लगेच सोडायचा आणि बाजूला व्हायचं, नाहीतर पेनल्टी. पडलेल्यानेही चेंडू लगेच सोडायचा. हे अंगवळणी पडायला ‘पाडलं, सोडलं, उठलं’ असं तोंडाने म्हणत दहा-दहा वेळा करून घ्या. दुसरी: डॅश. सीमेबाहेर ढकलायला नुसता खांदा मारणं कबड्डीत चालतं. रग्बीत हातांनी मिठी मारायचा प्रयत्न नसेल तर तो फाऊल. तिसरी: उचलणं. मांडीला धरून चढाईपटूला उचलून आत आणणं कबड्डीत शाबासकीचं. रग्बीत उचललेल्याला डोक्यावर किंवा मानेवर पाडलं तर लाल कार्ड, आणि त्या मुलाच्या जिवाला धोका. उचलायचंच नाही, हा नियम पहिल्या वर्षी बिनअपवाद पाळा. चौथी: उंच पकड. खांद्याच्या रेषेच्या वर हात गेला की फाऊल. शिकवताना खांदा हा शब्दही काढू नका, ‘कमरेला मिठी, डोकं पळणाऱ्याच्या मागच्या बाजूला’ एवढंच सांगा. समोरून पकडताना डोकं पुढे राहिलं की पळणाऱ्याचा गुडघा कपाळावर बसतो. अँकल होल्ड करणारे मात्र इथे सोनं आहेत. पळत्या माणसाचा घोटा पकडणं सगळ्यांना जमत नाही. खो-खोची मुलंही विसरू नका, सूर मारून पडायचं कसं हे त्यांना शिकवावं लागत नाही.

पकडीपर्यंत यायच्या आधी सहा-आठ आठवडे टॅग रग्बी खेळवा. कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना वेल्क्रोने चिकटवलेली एकेक फीत, ती ओढली की पळणारा पकडला गेला. मुलांना ‘शेपटी’ म्हणून सांगा, नियम आपोआप कळतो. तयार पट्टे महाग वाटले तर गावातला शिंपी शिवून देतो: नायलॉनचा पट्टा, साधारण चाळीस सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद फीत, दोन संघांना दोन रंग. वेल्क्रोचा चौकोन पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, मोठा झाला की फीत सुटत नाही आणि मुलं अर्धी चड्डी ओढतात. शर्ट आत खोचायचा, नाहीतर शेपटी झाकली जाते आणि भांडणं होतात.

पहिल्या दिवशी प्रात्यक्षिकाऐवजी खेळच ठेवा. चाळीस मुलं आली तर दहा-दहा मीटरचे चार चौकोन करा, पाच मुलांमागे एक चेंडू. पहिली आठ मिनिटं चेंडूच नाही, नुसती शेपट्या पळवायची. पुढची आठ मिनिटं चेंडू घेऊन पळा आणि रेषेपलीकडे जमिनीवर टेकवा. टेकवल्याशिवाय ट्राय नाही, नुसतं ओलांडून गुण मिळत नाही. मग दहा मिनिटं मागे पास. ‘पळा पुढे, द्या मागे’ एवढं एकच वाक्य. उरलेला वेळ सामना. स्क्रम (दोन्ही संघांनी वाकून एकमेकांना रेटत चेंडू मिळवणं), लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू आत फेकून खेळ सुरू करणं), किक, ऑफसाइडचे बारकावे यांचं नावही काढायचं नाही. बहुतेक मंडळं नेमकं उलटं करतात: वीस मिनिटं नियमांचं भाषण, मग मोठ्या मुलांची धडाकेबाज पकड दाखवायची, आणि शेवटी एका चेंडूमागे वीस मुलांची रांग. पकड बघून आया मुलांचा हात धरून घरी जातात आणि रांगेत उभी राहिलेली मुलं क्रिकेटकडे.

साठ हजारांचा हिशेब असा करा. तीस हजार साहित्याला: चार नंबरचे वीस चेंडू, हा आकार दहा ते चौदा वयाला बसतो, मोठ्यांसाठी पाच नंबरचे सहा. चाळीस पट्टे, साठ कोन, दोन रंगांची वीस जाकिटं. चेंडू खडबडीत रबरी पकडीचा घ्या, गुळगुळीत प्लास्टिकचा स्वस्त चेंडू ओल्या हातातून साबणासारखा निसटतो आणि मुलाला वाटतं आपल्यालाच येत नाही. पुळणीवरून आणल्यावर गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. हवा साडेनऊ ते दहा पीएसआय, लहान मुलांसाठी किंचित कमी चालेल. बारा हजार तिघांच्या प्रशिक्षणाच्या प्रवासाला, त्यातला एक तरी पंच झाला पाहिजे. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत, ते तिघांनी आधी करून जावं. आठ हजार प्रथमोपचाराला. दहा हजार हातात ठेवा.

प्रायोजकाकडे रोख मागू नका, वस्तू मागा. आंब्याचा व्यापारी, होमस्टेवाला, इंजिनाचं दुकान, पतसंस्था यांना दोन हजार रुपये काढताना जड जातं. पण शंभर वडापाव, पाण्याचे जार, मुलं आणायला टेम्पो हे सहज मिळतं. बदल्यात नाव पट्ट्यावर छापा आणि समालोचकाला दर दहा मिनिटांनी घ्यायला सांगा.

समालोचक हा कोकणातल्या खेळाच्या प्रसिद्धीचा कणा आहे, आणि रग्बीवाले नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष करतात. तालुक्यात क्रिकेट-कबड्डी गाजवणारा जो आवाज असेल तोच बोलवा, मानधन द्या, आणि सामन्याच्या दोन दिवस आधी त्याला एक पान लिहून द्या. त्यात सहा गोष्टी हव्यात: सेव्हन्समध्ये ट्रायला पाच गुण, नंतरच्या किकला दोन, चेंडू हाताने पुढे देता येत नाही, चेंडू हातून पुढे निसटला तर स्क्रम, पकडलेल्याला सोडावं लागतं, पिवळं कार्ड म्हणजे सेव्हन्समध्ये दोन मिनिटं बाहेर. पंचांची शिट्टी वाजल्यावर ‘का वाजली’ हे पाच सेकंदांत कळलं नाही की प्रेक्षक बोलायला लागतो आणि मग निघून जातो. त्याच पानावर सांगण्यासारखं थोडं द्या. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात तो कलकत्त्याच्या क्लबने बंद होताना बँकेतले चांदीचे रुपये वितळवून घडवला आणि 1878 मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. फिजीची लोकसंख्या साधारण नऊ लाख, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या आसपास, आणि त्या देशाने 2016 आणि टोकियो अशी सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं सेव्हन्समध्ये जिंकली. जून 2025 मध्ये रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम मुंबईत अंधेरीला झाला. मुंबईकर चाकरमान्याला ही जागा माहीत असते, खेळ एकदम जवळचा वाटतो.

प्रो कबड्डीकडूनही शिकण्यासारखं आहे. 2014 मध्ये ती लीग आली तेव्हा खेळ जुनाच होता. पण तीस सेकंदांची चढाई आणि दोन रिकाम्या चढायांनंतरची करो या मरो चढाई यामुळे नवख्यालाही आता काय होणार याची ओढ लागली. तुमच्या सामन्यातही मोठं घड्याळ किंवा निदान गुणफलक सगळ्यांना दिसेल असा ठेवा. दोन सामन्यांत तीन मिनिटांपेक्षा जास्त खंड नको.

व्हिडिओ जमिनीवरून काढू नका. रग्बी खालून पाहिली की नुसता माणसांचा ढीग दिसतो. टेम्पोच्या टपावरून किंवा शाळेच्या गच्चीतून, तीन-चार मीटर उंचीवरून काढा, म्हणजे मोकळी जागा आणि निसटणारा खेळाडू दिसतो. वीस-तीस सेकंदांची एक चढाई, खाली मराठीत मुलाचं नाव आणि वाडीचं नाव. गावात व्हिडिओ खेळापेक्षा नावासाठी पुढे पाठवला जातो. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. आपटण्याचे, जखमेचे व्हिडिओ टाकू नका. ते सगळ्यात जास्त फिरतात हे खरं, पण त्यातून येणारा खेळाडू थोडा आणि घाबरणारे पालक फार.

पालकांचा पहिला प्रश्न ‘सर्टिफिकेट चालतं का’ हा असतो, आणि तो रास्त आहे. क्रीडागुण आणि पुढे नोकरीतलं आरक्षण मान्यताप्राप्त स्पर्धेवरच मिळतं. मंडळ जिल्हा आणि राज्य संघटनेशी संलग्न करा. चालू वर्षाच्या शालेय स्पर्धांच्या यादीत कोणत्या वयोगटाची रग्बी आहे हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. कागद हातात येईपर्यंत एकाही पालकाला शब्द देऊ नका. एकदा शब्द खोटा पडला की ती वाडी तुमच्यासाठी बंद झाली.

मुलींचा संघ पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर जोडू म्हणून नको. टेनिस क्रिकेटच्या गावस्पर्धांत मुलींना जागाच नसते. कबड्डी खेळलेल्या मुली आठवी-नववीत घरी बसतात. त्यांना बोलावणारा दुसरा खेळ गावात नाही, त्यामुळे इथे स्पर्धाच नाही. शेपटी रग्बी मिश्र खेळवता येते, पकडीचा खेळ वेगळा. बरोबर एक बाई प्रशिक्षक किंवा पालक, कपडे बदलायला बंद खोली आणि अंधाराआधी घरी पोचवायची सोय, एवढं असेल तर मुली टिकतात.

डोक्याच्या माराबाबत तडजोड नको. मुलगा गोंधळलेला दिसला, तोल गेला, उलटी झाली, डोकं दुखतं म्हणाला, आठवेना झालं, यांतलं एक जरी दिसलं तर बाहेर. त्या दिवशी परत नाही, ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी नाही. किमान तीन आठवडे सामना नाही आणि डॉक्टरांच्या परवानगीनंतरच परत. मानेला मार वाटला तर हलवायचं नाही, 108 ला फोन करायचा. ग्रामीण रुग्णालयाचं अंतर आणि नंबर आधीच फळ्यावर लिहून ठेवा. दात सांभाळायला माउथगार्ड पकडीच्या खेळात सक्तीचं. गावात एक गंभीर दुखापत बेफिकिरीने झाली तर ती बातमी प्रीमियर लीगपेक्षा जास्त वर्षं लक्षात राहते.

स्पर्धा भरवायचीच असेल तर वर्षअखेरीस, एका दिवसाची आणि शेजारच्या गावांपुरती. सेव्हन्सचा जन्मच तसा झाला आहे. 1883 मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोज या छोट्या गावी क्लबला पैसे उभे करायचे होते, नेड हेग नावाच्या खाटकाने सात-सात जणांचे छोटे सामने एका दिवसात बसवले. तुम्हाला मे महिना सोयीचा, चाकरमानी गावात असतात आणि पौर्णिमा-अमावास्येची ओहोटी संध्याकाळी मिळते. आठ संघ, दोन गट, बक्षीस रोख नको, प्रत्येक संघाला दोन चेंडू. शेवटचा सामना गाववाले विरुद्ध मुंबईकर शेपटी रग्बी, वयाची अट नाही. हरलेल्या गावातही चेंडू जातो आणि जून उजाडतो तेव्हा तो तिथे असतो.

गर्दी मोजू नका. वहीत तीन आकडे लिहा: पहिल्यांदा आलेल्यांपैकी दुसऱ्या आठवड्यात किती परतले, तुमचं कुणी नसताना किती वाड्यांत खेळ झाला, आणि शिट्टी हातात घेऊ शकणारे किती झाले. दुसऱ्या आठवड्यात निम्म्याहून कमी परतत असतील तर मुलं रांगेत उभी राहताहेत, चेंडू वाढवा. परतताहेत पण वाडीत खेळत नाहीत, तर चेंडू अजून कपाटात आहेत. खेळताहेत पण सामने भांडणात संपताहेत, तर हातातले दहा हजार पंच घडवण्यावर खर्च करा, स्पर्धेवर नको. अठरांतले जे दोघं पळण्यात मागे पडतात पण नियम चटकन पकडतात, त्यांना या पावसाळ्यातच शिट्टी द्या.